कवटी उघडल्यावर मेंदू फुगला: हेड इंज्युरीच्या एका ऑपरेशनचा प्रकरण अभ्यास

मी भूलतज्ज्ञ आहे आणि मराठवाड्यातल्या एका जिल्ह्याच्या गावी ट्रॉमाच्या केसेस करते. खालची केस खरी आहे. पेशंट ओळखू येऊ नये म्हणून वय, गाव आणि काही तपशील बदललेत, घरच्यांना विचारूनच लिहितेय. ज्युनियर भूलतज्ज्ञ, ओटीतले सिस्टर-ब्रदर आणि तालुक्याला कॅज्युअल्टी सांभाळणारे डॉक्टर यांनी वाचावं म्हणून लिहिलंय, त्यामुळं थोडं सविस्तर आहे.

मेंदू फुगला म्हणलं की सगळ्यांचा हात आधी मॅनिटॉलच्या (मेंदूतलं पाणी ओढून दाब उतरवणाऱ्या औषधाच्या) बाटलीकडं जातो. ते औषध वाईट नाही, पण मेंदू का फुगला हे न शोधता दिलं तर मिळणारी दहा-पंधरा मिनिटं वाया जातात आणि या केसमध्ये तीच दहा-पंधरा मिनिटं कामाची होती.

पार्श्वभूमी

कारखाने सुरू झाले की आपल्याकडच्या रस्त्यांवर रात्री उसाच्या ट्रॉल्या असतात, दोन-दोन जोडलेल्या, मागं लाइट नाही, रिफ्लेक्टर नाही, असला तर चिखलानं झाकलेला. चाळिशीच्या आतला एक शेतकरी मोटारसायकलवर घरी निघाला होता, हेल्मेट नव्हतं, उभ्या ट्रॉलीला मागून धडकला. मार डोक्याच्या डाव्या बाजूला आणि डाव्या बरगड्यांना. लोकांनी १०८ ला फोन केला, गाडीनं ग्रामीण रुग्णालयात नेलं. तिथल्या डॉक्टरांनी ऑक्सिजन लावला, मानेला कॉलर लावली, ट्रॅनेक्झॅमिक अ‍ॅसिडचा (हे रक्तस्राव कमी करणारं औषध) १ ग्रॅमचा डोस पहिल्या तासाभरातच दिला (हे फार चांगलं केलं, त्याचा उपयोग पहिल्या तीन तासांतच आहे), मॅनिटॉलची १०० मिलीची एक बाटली दिली, सोबत डीएनएस (साखरेचं सलाइन) आणि डेक्सा (स्टेरॉइड) पण दिलं, आणि लगेच आमच्याकडं पाठवलं.

आमच्याकडं आला तेव्हा जीसीएस (शुद्धीचा ३ ते १५ मधला गुण) ७ होता: डोळे उघडत नव्हता, नुसता कण्हत होता, दुखवलं की हात ओढून घ्यायचा. उजवी बाहुली थोडी मोठी आणि सुस्त, डावी नॉर्मल. बीपी ९२/६०, सॅच्युरेशन मास्कवर ९३. पोटाची सोनोग्राफी साफ होती, डाव्या तीन बरगड्या मोडलेल्या. ट्यूब टाकून व्हेंटिलेटरवर घेतला, सलाइन आणि एक पिशवी रक्त दिलं, नॉरअ‍ॅड्रेनलिन (बीपी वाढवणारं औषध) सुरू करून वरचं बीपी ११० च्या पुढं नेलं आणि मगच सीटीला हलवलं. डोक्याला मार लागलेल्या माणसाचं बीपी एकदा जरी पडलं तरी मेंदूचं दुसरं नुकसान होतं, म्हणून यात घाई केली नाही.

सीटीत उजव्या बाजूला अ‍ॅक्यूट सबड्युरल (मेंदूच्या आवरणाखाली ताजं साचलेलं रक्त), जाडी १४ मिमी, मधली रेषा ११ मिमी डावीकडं सरकलेली. १० मिमीच्या वर जाडी किंवा ५ मिमीच्या वर शिफ्ट असली की जीसीएस किती का असेना, ऑपरेशन करायचं असतं, त्यामुळं त्यावर चर्चाच नव्हती. मानेचा सीटी नॉर्मल होता म्हणून कॉलर काढायला मोकळीक मिळाली. पण त्याच सीटीत डाव्या कानाच्या वर हाडाला एक सरळ चीर होती आणि तिच्या आत एकदम बारीक, जेमतेम ३ मिमीची, रक्ताची रेघ. मार डावीकडं बसला आणि मेंदू उजवीकडं आपटून तिथल्या शिरा तुटल्या, असा हिशोब होता. एवढ्याशा रेघेचं ऑपरेशन कुणी करत नाही. आमच्या न्यूरोसर्जन सरांनी मात्र तेवढा फोटो दोनदा उघडून पाहिला.

बाहेर मोठा भाऊ, मामा आणि गावची पाच-सात माणसं उभी होती. भाऊ म्हणाला, "साहेब, काय लागंल ते करा, पण नीट सांगा काय करायलेत." सर म्हणाले, "दादा, उजव्या बाजूला रक्त साचलंय, ते काढायलोत. पण मार डाव्या बाजूला बसलाय, तिथं हाड चिरलंय, गरज पडली तर तिकडूनबी उघडावं लागंल. दोन्हीची सही आत्ताच द्या." संमतीपत्रावर दोन्ही बाजू लिहिल्या, भावानं वाचून घेतलं आणि सही केली. मध्यरात्रीनंतर ओटीत यातला प्रत्येक शब्द कामाला आला.

अडचण काय झाली

कवटी ही बंद पेटी आहे, आत मेंदू, रक्त आणि पाणी, यातलं एक वाढलं की बाकीच्यांना जागा कमी पडते आणि दाब वाढतो. मेंदूला रक्त मिळतं ते सरासरी बीपीतून हा आतला दाब वजा करून जे उरतं तेवढ्यावर. सरासरी बीपी ८० आणि आतला दाब ३० असला तर हातात ५० उरले, पाहिजेत ६० ते ७०. म्हणून एकीकडं बीपी धरायचं आणि दुसरीकडं दाब उतरवायचा, दोन्ही एकाच वेळी.

भूल देताना फेंटॅनिल, बीपी पडू नये म्हणून एटोमिडेट, स्नायू सैल करायला रोक्युरोनियम, मेंटेनन्सला सेव्होफ्लुरेन (भुलीचा वायू) कमी डायलवर. आर्टरी लाइन (धमनीतली नळी) होती. टेबलाची डोक्याची बाजू २० डिग्री वर. चीर देण्याआधी ३ टक्के सलाइन (तेही मेंदूतलं पाणी ओढतं) १५० मिली दिलं, मॅनिटॉल परत दिलं नाही कारण त्यानं लघवी सुटते आणि याचं बीपी आधीच नॉरअ‍ॅड्रेनलिनवर उभं होतं.

हाड काढलं तेव्हा ड्युरा (मेंदूचं आवरण) निळसर आणि ताणलेला होता. सरांनी तो एकदम सगळा उघडला नाही, आधी दोन-तीन छोट्या चिरा देऊन त्यातून थोडं थोडं रक्त बाहेर येऊ दिलं, कारण ताणलेला ड्युरा एका झटक्यात उघडला की मेंदू बाहेर येतो आणि कडेला कापला जातो. मला त्यांनी आधी सांगितलं, "मॅडम, ड्युरा उघडायलोय." हे सांगणं गरजेचं असतं, आतला दाब अचानक सुटला की त्या दाबानं वर धरलेलं बीपी धाडकन पडतं. पडलंच, ७८ पर्यंत, पण नॉरअ‍ॅड्रेनलिन वाढवायला हात पंपावरच होता. गुठळी निघाली, मेंदू खाली बसला, धडधड दिसायला लागली. सगळ्यांना हायसं वाटलं.

थोड्या वेळानं सर म्हणाले, "मेंदू वर यायलाय." मी पडद्यावरून वाकून पाहिलं. मेंदूवर ठेवलेली ओली पॅटी (कापसाची पट्टी) आधी हाडाच्या कडेच्या खाली होती, ती आता कडेच्या बरोबरीला आली होती.

पहिला निर्णय: औषध आधी की कारण आधी

सरांचा पहिला प्रश्न "मॅनिटॉल देता का?" हाच होता. मी म्हणलं, दोन मिनिटं द्या, माझ्या बाजूचं सगळं बघून घेते. आमच्याकडं हा क्रम भिंतीवर चिकटवलेला आहे, तरी रात्री दीड वाजता तो मोठ्यानं बोलत केला की काही सुटत नाही.

मान आधी. कॉलर काढलेली होती पण डोकं डावीकडं बरंच वळलेलं होतं आणि ट्यूब बांधायची पांढरी पट्टी मानेभोवती चांगलीच आवळलेली होती, खाली बोट जात नव्हतं. मेंदूतलं रक्त मानेच्या शिरांमधूनच खाली उतरतं, त्या दाबल्या की वरती रक्त तुंबतं. पट्टी कापली, ट्यूब गालाला चिकटपट्टीनं धरली, उजव्या खांद्याखालची उशी जाड केली म्हणजे मानेला कमी वळावं लागतं, टेबल ३० डिग्रीपर्यंत वर केलं.

मग पेशंट ट्यूबवर खोकतोय का, जोर लावतोय का. नर्व्ह स्टिम्युलेटरवर (स्नायू किती सैल आहेत ते दाखवणाऱ्या यंत्रावर) झटके परत यायला लागले होते, रोक्युरोनियमचा डोस दिला.

मग छाती. पीक प्रेशर वाढलं होतं, डावीकडं हवा कमी जात होती. मोडलेल्या बरगड्या आणि त्यावर व्हेंटिलेटरचा दाब म्हणलं की पहिली भीती न्यूमोथोरॅक्सची (फुफ्फुसाबाहेर छातीत हवा भरण्याची), म्हणून ड्रेपखालून छातीवर प्रोब ठेवून पाहिलं, फुफ्फुस सरकताना दिसत होतं. ट्यूबमध्ये सक्शन टाकलं तर रक्त मिसळलेली घट्ट गुठळी आली आणि प्रेशर उतरलं.

मग कार्बन डायऑक्साइड, आणि इथं मला थांबून लिहायचंय. मॉनिटरवर एंड टायडल (बाहेर सोडलेल्या श्वासातला आकडा) ३६ होतं, बघायला एकदम छान आकडा. आर्टरीतून रक्त काढून एबीजी केला तर खरा आकडा ४८. एरवी दोन्हीत तीन ते पाचचा फरक असतो, पण फुफ्फुसाला मार असेल, बीपी कमी असेल, तर तो फरक खूप वाढतो आणि मॉनिटर तुम्हाला सगळं ठीक आहे असं दाखवत राहतो. कार्बन डायऑक्साइड १ मिमीनं वाढला की मेंदूकडं जाणारा रक्तप्रवाह साधारण ३ टक्के वाढतो, म्हणजे ३६ च्या जागी ४८ म्हणलं की तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास जास्त रक्त आत शिरतंय, आणि वर मानेची पट्टी ते बाहेर जाऊ देत नव्हती. व्हेंटिलेटरचा रेट वाढवून परत एबीजी केला, ३६ आलं.

शेवटी भूल. सेव्होफ्लुरेन कमी डोसला फारसं काही करत नाही, पण जास्त झालं की रक्तवाहिन्या पसरतात, आणि फुगलेल्या मेंदूत तेवढीसुद्धा जोखीम नको म्हणून ते बंद करून प्रोपोफॉलचा पंप सुरू केला. नायट्रस आम्ही या केसेसमध्ये वापरतच नाही. बीपी जास्त नव्हतं, साखर २१० होती ती इन्सुलिननं खाली आणली.

हे सगळं झाल्यावर ३ टक्के सलाइन अजून १५० मिली दिलं. पॅटी परत खाली बसली.

दुसरा निर्णय: परत फुगला तेव्हा

जेमतेम दहा मिनिटं बरी गेली. मग मेंदू परत वर आला, या वेळी जोरात, हाडाच्या कडेच्या बाहेर, आणि घट्ट. मानेचं, ट्यूबचं, गॅसचं सगळं दुरुस्त होतं, एबीजी हातात होता. म्हणजे आता कारण माझ्या मशिनमध्ये नव्हतं.

आम्ही या केसेसमध्ये डोळे पारदर्शक पट्टीनं बंद करतो आणि तोंडावरचं ड्रेप असं लावतो की टॉर्च घेऊन खालून वाकता येतं. मी वाकून डावा डोळा पाहिला. भूल देताना २ मिमी होती ती बाहुली आता ५ मिमी झाली होती आणि उजेडाला हलत नव्हती. मी सरांना सांगितलं, "सर, डावी बाहुली मोठी झाली." ते एक क्षण गप्प राहिले आणि म्हणाले, "डावीकडची चीर."

काय झालं असणार ते आता स्पष्ट होतं. डाव्या हाडाच्या चिरेखाली शीर फाटलेली होती, पण उजवीकडचं सबड्युरल मेंदूला डावीकडं ढकलत होतं आणि त्या दाबानंच ती रक्तस्रावाची जागा दाबून धरली होती. उजवीकडची गुठळी काढली, दाब गेला, आणि डावीकडं रक्त साचायला लागलं.

पर्याय चार होते आणि प्रत्येकाच्या बाजूनं बोलण्यासारखं काहीतरी होतं.

मॅनिटॉल आणि हायपरव्हेंटिलेशन जोरात करून बघायचं, हा सगळ्यात सोपा. पण आत रक्त साचत असेल तर औषधानं फक्त वेळ मिळतो, आणि कार्बन डायऑक्साइड २५ च्या खाली बराच वेळ ठेवला तर रक्तवाहिन्या इतक्या आकसतात की मेंदूलाच रक्त कमी पडतं.

फुगलेला मेंदूचा भाग कापून जागा करायची, म्हणजे लोबेक्टॉमी. काही वेळा करावी लागते, पण खरं कारण दुसऱ्या बाजूला असताना चांगला मेंदू का काढायचा.

कातडी पटकन शिवून सीटीला न्यायचं. पुस्तकात बहुतेक ठिकाणी हेच सांगितलंय आणि चीर माहीत नसती तर आम्हीही हेच केलं असतं, कारण मेंदूच्या आत दुसरीकडं रक्तस्राव झाला असेल किंवा नुसतीच सूज असेल, ते बघितल्याशिवाय कळत नाही. पण सीटी तळमजल्यावर, ओटी दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट, व्हेंटिलेटर, पंप, उघडं डोकं, जाऊन-येऊन अर्धा तास तरी, आणि बाहुली आत्ता मोठी होत होती.

चौथा म्हणजे डाव्या चिरेवर थेट बर होल (कवटीला छोटं भोक). चूक निघाली तर एक होल जास्त झालं एवढंच.

सर म्हणाले, "होल घेतो. काही नाही सापडलं तर तसाच सीटीला जाऊ." हा निर्णय साधारण एका मिनिटात झाला, आणि तो एका मिनिटात होऊ शकला कारण चीर आधीच पाहिलेली होती आणि सही आधीच घेतलेली होती.

काय केलं

ब्रदरनी हेअर क्लिपर आणला. उजवीकडं ड्युरावर पॅच सैल टाकला, कातडी दोन-चार मोठ्या टाक्यांनी जवळ आणली, डोकं उजवीकडं वळवलं आणि डावी बाजू साफ केली. तेवढ्या वेळापुरता मी श्वासाचा रेट वाढवून कार्बन डायऑक्साइड ३० ते ३२ मध्ये आणला, ऑक्सिजन १०० टक्के, आणि बीपी किंचित वर धरलं. हायपरव्हेंटिलेशनचा खरा उपयोग इथं आहे, दरवाजा उघडेपर्यंतचा पूल म्हणून, आणि दरवाजा उघडला की ते मागं घ्यायचं.

कानाच्या वर चिरेवर होल पडलं आणि काळं रक्त दाबानं बाहेर आलं. होल मोठं करून छोटी क्रेनिओटॉमी केली (हाडाचा तुकडा काढला), गुठळी काढली, चिरेखाली मिडल मेनिंजिअल धमनीची एक फांदी वाहत होती, ती बायपोलरनं (विजेच्या चिमट्यानं) बंद केली. मी परत वाकून बाहुली पाहिली, लगेच लहान झाली नव्हती पण टॉर्चला हलायला लागली होती. श्वासाचा रेट कमी केला. उजवीकडचे टाके सोडले तेव्हा मेंदू हाडाच्या कडेच्या खाली होता.

आता उजवं हाड परत बसवायचं की बाहेर ठेवायचं. २०२३ मध्ये आलेल्या रेस्क्यू-एएसडीएच ट्रायलमध्ये सबड्युरलनंतर हाड परत बसवलेल्या आणि न बसवलेल्या पेशंटचा निकाल सारखाच निघाला, पण मेंदू इतका फुगलेला की हाड बसतच नाही असे पेशंट त्यात घेतलेच नव्हते. आमच्या पेशंटचा मेंदू त्या रात्री दोनदा बाहेर आला होता आणि पुढचे दोन-तीन दिवस सूज वाढण्याचेच असतात, म्हणून हाड बाहेर ठेवायचं ठरलं. उजवीकडची हाड काढलेली जागा १५ सेंटिमीटरपर्यंत मोठी केली, छोटी ठेवली तर मेंदू कडेवर घासून कापला जातो. हाड त्याच्याच पोटाच्या कातडीखाली ठेवलं, डावं हाड जागेवर बसवलं. पट्टीवर मार्करनं मोठ्या अक्षरात लिहिलं: "उजवीकडं हाड नाही, दाबू नका."

ओटीतून थेट सीटी केला. दोन्ही बाजू साफ, शिफ्ट ४ मिमी.

पुढं काय झालं

आयसीयूत आतला दाब मोजायचा मॉनिटर आमच्याकडं नव्हता. बोलिव्हिया आणि इक्वाडोरमध्ये झालेल्या २०१२ च्या ट्रायलमध्ये मॉनिटरवर चालणारे आणि तपासणी-सीटीवर चालणारे असे दोन्ही गट सारखेच निघाले होते, त्याचा आधार असला तरी तपासणी मनापासून आणि तासातासाला करावी लागते. सिस्टर दर तासाला बाहुल्या आणि उजवीकडची कातडी हातानं बघायच्या, मऊ आहे की ताठ. डोकं वर, सोडियम १४५ च्या आसपास, ताप येऊ न देणं, फिटचं औषध सात दिवस.

सहाव्या दिवशी ट्रॅकिओस्टॉमी (गळ्यातून श्वासनळीत ट्यूब) केली. दुसऱ्या आठवड्यात सांगितल्यावर तो उजव्या हाताची बोटं दाबायला लागला. खर्चाचा मोठा भाग महात्मा फुले जन आरोग्य योजनेत बसला, नाहीतर त्या घराला जमीन गहाण टाकावी लागली असती, हे भावानंच सांगितलं. साधारण चार महिन्यांनी पोटातलं हाड परत बसवलं.

सहा महिन्यांनी दाखवायला आला तेव्हा चालत आला. डावा हात अशक्त, शर्टाची बटणं बायको लावते. शेतात जातो, पण हिशोब विसरतो आणि पटकन चिडतो. बायको म्हणाली, "आधी असे नव्हते हो, आता लेकरायवर लई चिडायलेत." डोक्याच्या माराचा हा भाग सीटीत दिसत नाही आणि घरच्यांना आधी कुणी सांगत नाही. आम्ही तिला आणि भावाला वेगळं बसवून समजावलं, मोटारसायकल पूर्ण बंद केली, फिजिओ चालू ठेवला.

वेगळं काय करता येईल

तालुक्याच्या पातळीवर दोन गोष्टी. डेक्सा देऊ नका. क्रॅश ट्रायलमध्ये दहा हजारांवर पेशंट होते आणि स्टेरॉइड दिलेल्यांमध्ये मृत्यू जास्त झाले, हे २००४ पासून छापलेलं आहे. आणि डीएनएसच्या जागी साधं नॉर्मल सलाइन लावा, साखर वाढली की दुखावलेल्या मेंदूचं अजून नुकसान होतं.

ओटीत, दुसऱ्या बाजूला चीर असेल तर दोन्ही बाजूंचे केस सुरुवातीलाच काढायचे आणि ड्रेप असं लावायचं की डोकं वळवलं की लगेच दुसरी बाजू मिळते. आमची त्या रात्री क्लिपर आणि ड्रेपमध्ये जी मिनिटं गेली ती आता जात नाहीत, कारण आता सीटी बघतानाच "चीर कुठली" हा प्रश्न मोठ्यानं विचारला जातो आणि उत्तर ओटीच्या फळ्यावर लिहिलं जातं.

सोनोग्राफीचं मशिन कॅज्युअल्टीत न ठेवता या केसेसमध्ये ओटीतच ठेवायचं. हाड काढलेल्या जागेतून निर्जंतुक कव्हरमध्ये प्रोब ठेवला तर पलीकडच्या बाजूचं मोठं रक्त बऱ्याचदा दिसतं. चीर माहीत नसेल तर सीटी आणि होल यातला निर्णय त्यावर घेता येतो.

पहिला एबीजी भूल दिल्याबरोबर घ्यायचा, मेंदू फुगण्याची वाट बघायची नाही, विशेषतः बरगड्या मोडलेल्या असतील तर. एंड टायडल आणि खरा आकडा यातला फरक एकदा कळला की तो शीटवर लिहून ठेवायचा आणि पुढं त्या हिशोबानं मॉनिटर वाचायचा.

आणि ट्यूब मानेभोवती पट्टीनं बांधायची नाही, चिकटपट्टीनंच. दाढी असेल, रक्त असेल, चिकटत नसेल तर बेंझॉइन लावून चिकटवायची.